मंडपाच्या कापडाचं पाल

आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली असतील. नवरा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये होता. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि मी घरी बसून ब्लाऊज शिवायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे एवढंसं आंगण आणि आंगणात एक पेरूचं झाड. घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. सासरे त्याच मिलमधून रिटायर झाले होते. दिवसभरात त्यांची दहा वाक्यं व्हायची, आणि ती सगळी बातमीसारखी: नळ आला, दूध नासलं, पोस्टमन येऊन गेला. मी त्यांना मामाजी म्हणायची आणि ते मला बाई म्हणायचे. एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

त्या डिसेंबरात नवऱ्याच्या डोक्यात एक व्हिडिओ शिरला. कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात एक माणूस पाठीवर बॅग घेऊन चालत येतो, स्वतः शिवलेलं कापड दोन झाडांमध्ये ताणतो, समोर आग पेटवतो आणि त्या उबेत आरामात पडून राहतो. एवढंच. तो व्हिडिओ नवऱ्याने जेवताना पाहिला, ड्यूटीवर जाताना पाहिला, मला तीनदा दाखवला. तो मुळातच पायी फिरणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी बाकीचे झोपा काढायचे आणि हा वर्धा नदीच्या काठाने चालत सुटायचा. मोबाइलवर त्याने तयार टेन्ट पाहिले. सगळे पातळ नायलॉनचे, आणि प्रत्येकावर सूचना की आगीपासून लांब ठेवा. तो म्हणाला, मग आपणच शिवू. आपण म्हणजे मी, हे मला तेव्हाच कळलं.

पहिलं पाल आम्ही फ्लेक्सचं केलं. आमच्याकडे चौकाचौकात कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेलाच असतो, वाढदिवस संपला की तो गोठ्यावर नाहीतर पाण्याच्या टाकीवर जातो. नवऱ्याने ओळखीच्या डेकोरेशनवाल्याकडून भला मोठा फ्लेक्स आणला. मधोमध एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा, खाली रांगेने शुभेच्छुकांचे बारा चेहरे. माझ्या मशीनची चौदा नंबरची सुई तीनदा मोडली. मग अठरा नंबरची सुई आणि चपला शिवायचा दोरा आणला आणि दोन दुपारी खपून ते एकदाचं जोडलं. घडी घातली तर ती बॅगेत मावेना, म्हणून वरून बांधली.

जागा माझं माहेर. गोंडपिपरीला उतरून तीन-चार कोस बांधाबांधाने चालत गेलं की आमचं गाव. जंगलात कुठेही पाल ठोकून राहायचं असं आमच्या जिल्ह्यात जमत नाही. इथे वाघ वाडीतल्या केळीपर्यंत येतो, आणि फॉरेस्टवालेही राहू देत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून आमचा नियम एकच होता, हवं तेवढं चालायचं, पण मुक्काम गावाला लागून, लोकांना विचारून. माहेरी खळ्यावर धानाची मळणी होऊन तणसाचा ढीग लागलेला होता. त्याच्या बाजूला आम्ही पाल उभं केलं. माझा मोठा भाऊ हाताची घडी घालून सगळं पाहत होता. शेवटी त्याने विचारलंच.

"घरात खाट रिकामी हाय. मंग इथी काऊन?"

नवऱ्याने त्याला व्हिडिओ दाखवला. भावाने तो शांतपणे पूर्ण पाहिला आणि जेवायला निघून गेला.

कुंपणाचे वाळके बांबू घेऊन नवऱ्याने पालाच्या तोंडाशी गोल आग केली. सुरुवातीला छान वाटलं. मग एक बांबू असा फुटला की गावातली कुत्री भुंकायला लागली. बांबूच्या पेऱ्यात हवा अडकलेली असते, तो फोडून मगच आगीत घालायचा असतो, हे मला माहीत होतं, पण नवऱ्याने विचारलंच नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. एक निखारा उडून फ्लेक्सवर बसला. पुढाऱ्याचा डावा गाल आधी सुरकुतला, मग वितळून टपकायला लागला. जळक्या प्लास्टिकच्या वासाने आत थांबवेना. त्यातून आमच्याच श्वासाचं पाणी फ्लेक्सच्या आतल्या बाजूला धरून मानेवर ठिबकत होतं. मला हसू आवरलं नाही. नवरा इतका रागावला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आम्ही झोपलो तणसात, आणि खरं सांगायचं तर तणसात झोप छान लागली.

घरी आल्यावर ते पाल पेरूच्या झाडावर लोंबत राहिलं. सासरे बाहेर आले, त्यांनी भोकात बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि आत निघून गेले. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील.

नवरा मात्र सोडणाऱ्यातला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात त्याच डेकोरेशनवाल्याने जुनं मंडपाचं कापड काढलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड सुती कापड, कडेला झालर. ते त्याने उचलून आणलं. सुती कापड जळलं तरी वितळत नाही, निखारा पडला तर तेवढंच छिद्र पडतं, हे त्याला आता कळलं होतं. मी झालर उसवून काढली, कापड दोनदा उकळून धुतलं आणि समोरच्या खोलीत फरशीवर पसरून कापायला बसले. नवरा बाजूला कागदावर कोन काढत होता. सासरे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत होते.

मग म्हणाले, "त्याले आधी साबणाच्या पाण्यात बुडव, बाई. वाळलं का तुरटीच्या पाण्यात."

मी विचारलं, त्याने काय होतं?

"पाणी नाई घुसत. आगही लवकर नाई धरत."

तुरटी त्यांना मिलमधून ठाऊक होती, कागदाच्या लगद्यात ती पोत्यांनी जायची. संध्याकाळी ते स्वतः किराण्याच्या दुकानात जाऊन तुरटी घेऊन आले. आंगणात मोठ्या टबमध्ये आम्ही तिघांनी ते कापड बुडवलं, पिळलं, वाळवलं, परत बुडवलं. वाळल्यावर ते पापडासारखं कडक झालं. पुढे कितीतरी दिवस घरात साबणाचा वास येत होता.

कापड तयार झाल्यावर नवऱ्याने त्यांना आपला कागद दाखवला. सासऱ्यांनी कागद पाहिला आणि "असं नाई" म्हणून तो बाजूला ठेवला. मग ते आंगणात उकिडवे बसले. चार काटक्या मातीत रोवल्या, वर आपला रुमाल टाकला. रुमालाची मागची कड जमिनीला टेकलेली, पुढची उंच, म्हणजे एका बाजूने उतरतं छप्पर. समोर त्यांनी बोटाने एक रेघ ओढली. आग गोल करायची नाही, लांब करायची, निजलेल्या माणसाच्या लांबीची, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सारखी ऊब लागते. आगीच्या पलीकडे त्यांनी काडेपेटी आडवी उभी केली. तिथे ओल्या ओंडक्यांची भिंत रचायची, म्हणजे पलीकडे जाणारी धग परत आपल्याकडे येते आणि छपराच्या आतून पाठीवर उतरते. पालाचं तोंड वाऱ्याकडे करायचं नाही आणि वाऱ्याकडे पाठही करायची नाही, वारा बगलेतून जाऊ द्यायचा, म्हणजे धूरही बगलेतूनच जातो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांत त्यांनी सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

नवरा त्या रुमालाकडे पाहत होता. त्याने विचारलं, "बाबा, तुमाले हे कोणं शिकवलं?"

"बांबूच्या कामावर होतो ना," सासरे म्हणाले. रुमाल झटकून त्यांनी खिशात घातला.

नवऱ्याला चाळिसावं लागलं होतं, आणि आपला बाप मिलमध्ये लागण्याआधी पाच हिवाळे गडचिरोलीच्या जंगलात बांबू तोडत होता हे त्याला त्या दिवशी कळलं. मिलमध्ये परमनंट होणं ही आमच्या भागात एवढी मोठी गोष्ट होती की त्याच्या आधीचं कुणी मोजतच नसे. सासऱ्यांनीही मोजलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना नवऱ्याने दोनदा त्यांच्या ताटात भाजी वाढली, त्यांनी मागितली नव्हती तरी.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं पुन्हा माझ्या माहेरच्या खळ्यावर गेलो. या वेळी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. खाली अंथरायला मिलचं जुनं फेल्ट नेलं होतं. कागदाच्या मशीनवरून उतरलेलं हे जाड लोकरीसारखं कापड आमच्याकडे घरोघरी असतं. कुणी खाटेवर घालतं, कुणी हिवाळ्यात दाराला लावतं. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, हे त्या फेल्टवर पडल्यावर समजलं. लांब आग पेटली, ओंडक्यांची भिंत तापली, आणि थोड्या वेळाने ऊब छपराला लागून मागून पाठीवर उतरली. समोरून आग आणि मागून कुणीतरी तळवा टेकवल्यासारखी ऊब. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. पहाटे उठलो तेव्हा खळ्यावरच्या तणसावर दव पांढरं दिसत होतं, आणि आमचं कापड आतून कोरडं होतं. सकाळी भाऊ चहा घेऊन आला, वाकून आत आला, बसला आणि लवकर उठायचं नाव घेईना.

घरी परतलो तर सासऱ्यांनी एकच विचारलं, "पाठ गरम राह्यली का?"

नवरा हो म्हणाला.

"मंग बरोबर," ते म्हणाले आणि रेडिओ लावला.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी ब्लाऊजला हूक लावत होते. सासरे माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले, हे कधी होत नसे. म्हणाले, या थंडीत मले एकदा तिकडं घेऊन चला. तिकडं म्हणजे कुठे हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. मुलाला सांगायच्या आधी मला का सांगितली, कुणास ठाऊक. कदाचित माझे डोळे हुकावर होते म्हणून.

ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. आलापल्लीच्या पुढे जंगलात बांबूतोडीचा मुक्काम पडला होता. तिथे त्यांना हिवताप झाला. अंगात इतकी थंडी भरायची की दात वाजून जीभ चावली जायची. त्याच आठवड्यात त्या कूपातलं, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातलं, काम संपलं आणि सगळे पुढच्या कूपाकडे निघाले. हजेरी घेणारा मुनशी म्हणाला, हा चालत नाही, याला ठेवा इथेच, ट्रक आला की पाठवू. ट्रक कधी येईल हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा जवळच्या गावचा एक माडिया गडी मागे थांबला. त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच टोळीत काम करणारा. त्याने पानांचं छप्पर खाली उतरवून बुटकं केलं, आग त्यांच्या अंगाच्या लांबीइतकी वाढवली, आणि सात-आठ दिवस ती विझू दिली नाही. एक कूस भाजली की दुसऱ्या कुशीवर वळवायचा, तांदळाची पेज पाजायचा. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच यायची. मग ट्रक आला. त्याने त्यांना उचलून बांबूंवर बसवलं. बल्लारपूरला येऊन सासरे बरे झाले, मिलच्या यार्डात कामाला लागले, परमनंट झाले, लग्न झालं. परत तिकडे गेलेच नाहीत.

"मी त्याले काही बोललोच नाई, बाई," ते म्हणाले. "ट्रकवर बसलो अन् आलो."

जानेवारीत आम्ही तिघं निघालो. पहाटेची बस, आष्टीच्या पुलावर वैनगंगेवर धुकं, आलापल्लीला बस बदलली, आणि जिथे दुसऱ्या बसने सोडलं तिथून पायी. सासऱ्यांच्या हातात काठी होती, पण फेल्टचं ओझं त्यांनी कुणाला घेऊ दिलं नाही. वाटेत वनरक्षक भेटला. त्याने सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की गावाच्या आतच राहा, नाल्याच्या पलीकडे जाऊ नका. तसंही आम्हाला जायचं नव्हतं.

गावात पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणवाडीची बाई तिथलीच होती, तिला मराठी आणि माडिया दोन्ही यायचं, ती आमच्याबरोबर फिरली. गावच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, पाहुणे हायेत तर गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात झोपा, तिथे छप्पर आहे. सासऱ्यांनी हात जोडून नाही म्हटलं. मग त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांत आम्ही ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं की आता कुणीतरी म्हणेल, तो केव्हाच गेला. पण अंगणवाडीच्या बाईने लगेच बोट दाखवलं. ते काय त्यांचं घर.

घरासमोर एक वाळलेल्या अंगाचा म्हातारा मासे धरायचा बांबूचा सापळा विणत बसला होता. सासरे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि जोहार म्हणाले. म्हाताऱ्याने जोहार केला आणि विणत राहिला. सासरे सांगायला लागले, कुठलं कूप, कोणता मुनशी, ताप, पेज, ट्रक. अंगणवाडीची बाई वाक्यावाक्याने ते त्याला सांगत होती. म्हाताऱ्याने हातातलं काम थांबवलं, सासऱ्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, काहीतरी बोलला आणि हसला.

अंगणवाडीची बाई जरा घुटमळली. मग म्हणाली, "ते म्हणून राह्यले, तवा लय लोकाईले ताप येत होता. कोणाकोणाची याद ठेवू."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. एवढ्या लांबून आणलं आणि हे. पण सासरे हसायला लागले. आधी हळू आणि मग पोट धरून. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा त्यांना पाहून आणखी हसला. दोघांच्याही तोंडात फारसे दात नव्हते.

गावाच्या कडेला एक खळं होतं, तिथे आम्ही पाल ठोकलं. मंडपाचे लाल-पांढरे पट्टे पाहून गावातल्या बायका येऊन कापडाला हात लावून गेल्या. सासऱ्यांनी आग स्वतः रचली. त्यांनी लांब आग केली, भिंत केली, सगळं बरोबर केलं. दिवस मावळता मावळता तो म्हातारा खांद्यावर एक ओंडका घेऊन आला. ओंडका टाकून त्याने पालाभोवती एक चक्कर मारली, कापड चिमटीत धरून पाहिलं. मग आगीकडे पाहिलं आणि मान हलवली. वाकून त्याने दोन लाकडं बाहेर ओढली आणि लांब फेकली. ती टेंभुर्णीची होती, ती ठिणग्या उडवतात. आपला ओंडका त्याने भिंतीच्या खाली सरकवला, पायाने आग छपराकडे हातभर आणली, आणि म्हणाला, "किस." किस म्हणजे आग. सासरे शाळेतल्या मुलासारखे बाजूला उभे राहून पाहत होते. मग दोघं फेल्टवर शेजारी बसले.

सासऱ्यांची माडिया भाषा गंजून गेली होती, म्हाताऱ्याची मराठी पन्नास शब्दांची असेल. अंगणवाडीची बाई घरी गेली होती. मी चहा ठेवला. नवऱ्याने मध्ये पडून बोलणं जुळवायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते नको होतं. एक जण आगीत काहीतरी सरकवायचा, दुसरा मान हलवायचा. मध्येच सासरे एखादं झाडाचं नाव घ्यायचे, म्हातारा त्याच झाडाचं त्याच्या भाषेतलं नाव सांगायचा, आणि दोघांना त्यात काय सापडायचं कोण जाणे, पण समाधान वाटायचं. त्या रात्री थंडी खूप होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि पालाच्या आत मी स्वेटर काढून उशाला घेतला होता.

सकाळी जाग आली तेव्हा म्हातारा आमच्याच पालात आगीला पाठ करून, उघड्या पायांनी गाढ झोपलेला होता. सासरे आगीपाशी बसून राख बाजूला करत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला राहवलं नाही, मी विचारलं, त्यांना आठवलं नाही, तुम्हाला वाईट वाटलं का?

त्यांनी काटकीने राख आणखी बाजूला सारली.

"त्याले आठवत असतं तं मले माफी मागा लागली असती," ते म्हणाले. "एवढ्या वर्सात आलो नाई म्हणून. आता नुसतं बसता येते."

मग त्यांनी मला चहासाठी निखारे पुढे ओढून दिले.

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. परत निघताना नवऱ्याने आपला मोबाइल नंबर कागदावर लिहून अंगणवाडीच्या बाईकडे दिला. त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण पुढच्या डिसेंबरात तिचा फोन आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, चंद्रपूरला ऑपरेशन करायचं होतं, आणि तिथे राहायचं कुठे हा प्रश्न होता. सासऱ्यांनी फोन नवऱ्याच्या हातातून घेतला आणि घरी आणा म्हणून सांगितलं.

ऑपरेशन झाल्यावर म्हातारा आठ दिवस आमच्याकडे होता. डोळ्यावर हिरवी पट्टी. पहिल्या रात्री त्याला खोलीत खाटेवर झोपवलं तर तो अर्धवट उठून भिंती चाचपत होता. पंखा बंद होता, तरी वर पंखा आहे एवढ्यानेच त्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नवऱ्याला पाल काढायला सांगितलं. पेरूच्या झाडाला एक दोरी, कुंपणाच्या खांबाला दुसरी, असं ते आंगणात उभं केलं. डॉक्टरांनी धूर डोळ्यात जाऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, म्हणून लाकडं न पेटवता घमेल्यात नुसते धगधगते निखारे भरून समोर ठेवले. दोघं म्हातारे उरलेले सगळे दिवस तिथेच झोपले. सकाळी शेजारच्या बाईने कुंपणावरून मला विचारलं, तुमच्या घरी लगन हाय का? मंडपाचे पट्टे पाहून तिला तसं वाटलं होतं. मी नाही म्हणाले, पाहुणे आहेत. ती घरातून एक पातेलंभर झुणका आणून देऊन गेली.

त्या आठ दिवसांत सासरे आणि तो काय बोलले हे मला माहीत नाही. दुपारी मशीनवर बसले की मागून त्यांचे आवाज यायचे, एक लांबलचक आणि एक तुटक, आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. सासऱ्यांची माडिया परत यायला लागली होती. एकदा ते मला मीठ मागताना चुकून त्याच भाषेत बोलले आणि स्वतःच थबकले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तिकडे गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांना चालवेना, म्हणून माझ्या माहेरच्या खळ्यावर बैलगाडीने गेलो. पुढच्या श्रावणात ते गेले. एक दिवस छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी संपलं. फार त्रास झाला नाही.

जानेवारीत नवरा म्हणाला, आपण जाऊन सांगून येऊ, फोनवर नको. आम्ही दोघंच गेलो. म्हातारा घरासमोरच बसला होता, आता त्याला लांबून दिसायचं. त्याने आमच्या मागे पाहिलं, रस्त्याकडे. अंगणवाडीच्या बाईने त्याला सांगितलं. मग त्याने एक प्रश्न विचारला.

"थंडी तं नाई वाजली ना त्याले, असं विचारून राह्यले," ती म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली. म्हणाला, नाही, पावसाळा होता, चादर होती अंगावर. ते ऐकून म्हाताऱ्याने पुन्हा एकदा विचारलं, आणि नवऱ्याने पुन्हा तेच सांगितलं. मग नवरा उठून घराच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. म्हातारा मला खुणेने जेवलात का विचारत होता.

त्या दिवशी आम्ही त्याच खळ्यावर राहिलो. दुसऱ्या दिवशी निघताना म्हाताऱ्याने घराच्या छपरावर चढलेल्या वेलीचं एक कोहळं तोडून आणलं. चांगलं पाच-सहा किलोचं असेल. आमच्या बॅगा आधीच भरलेल्या होत्या, बसचा रस्ता लांब होता. नवऱ्याने फेल्ट माझ्याकडे दिलं आणि कोहळं आपल्या बॅगेत घातलं. बॅगेचं तोंड लागेना, म्हणून त्याने ते पालाच्या दोरीने बांधलं. घरी आल्यावर मी त्याची भाजी केली, वड्या घातल्या, अर्धं शेजारच्या बाईला दिलं. तरी चार दिवस पुरलं.